बर्मिंगहॅमची जुनी दुनळी : रानकबुतरांपुरती पुरेशी बंदूक

इंग्लंडमधील लिलावांत आणि जुन्या बंदुकांच्या दुकानांत आज सर्वांत स्वस्त मिळणारी चांगली बंदूक कोणती, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ठरलेले आहे : दोन महायुद्धांच्या दरम्यान बर्मिंगहॅममध्ये घडवलेली, बारा बोअरची, शेजारी-शेजारी नळ्या असलेली साधी बॉक्सलॉक (म्हणजे कळसूत्र बंदुकीच्या पोटातील चौकटीत बसवलेली) दुनळी. नळ्यांमधल्या पट्टीवर एखाद्या बाजारपेठेच्या गावातील दुकानदाराचे नाव ऐटीत कोरलेले असते. पण ते बहुधा विकणाऱ्याचे नाव असते. बंदूक मात्र बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टर या वस्तीत, नळ्या एकाच्या हातून, कळसूत्र दुसऱ्याच्या हातून, दस्ता तिसऱ्याच्या आणि वेलबुट्टी चौथ्याच्या हातून, अशी निरनिराळ्या कारागिरांच्या बाकांवर फिरत फिरत पुरी झालेली असते. माझ्याकडे याच जातीची एक बंदूक आहे. पूर्व इंग्लंडमधील शेतांवर येणाऱ्या रानकबुतरांसाठी, म्हणजे तिकडे ज्यांना वुडपिजन म्हणतात त्यांच्यासाठी, आणि एरवी यंत्रातून हवेत सोडल्या जाणाऱ्या 'क्ले' नावाच्या तबकड्यांवर हात साफ ठेवण्यासाठी मी ती वापरतो. या कामाला ती कितपत उतरते, हे येथे सांगायचे आहे.

प्रथम तिच्या रचनेविषयी. विल्यम अ‍ॅन्सन आणि जॉन डीली या बर्मिंगहॅममधील वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातील दोघांनी १८७५ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आहे. त्याआधीच्या बहुतेक दुनळी बंदुकांना बाहेर दोन घोडे असत आणि ते अंगठ्याने मागे ओढावे लागत. अ‍ॅन्सन-डीली रचनेत घोडे आत गेले आणि बंदूक उघडताना खाली झुकणाऱ्या नळ्यांच्याच वजनाने ते ताणले जाऊ लागले. वरची कळ अंगठ्याने उजवीकडे सरकवली की नळ्या मोकळ्या होतात, खाली पडतात, आणि शेवटच्या इंचभर प्रवासात आतून दोन बारीक 'टक्' ऐकू येतात. नळ्यांना मिटलेल्या स्थितीत धरून ठेवणारी सरकती पाचर ही लंडनच्या जेम्स पर्डी यांची १८६३ ची कल्पना. पेटंटची मुदत संपल्यावर तीही सर्वांची झाली. भाग थोडे, ते भक्कम, आणि बिघडलेच तर जुन्या पद्धतीचा कोणताही कारागीर ते घडवून देऊ शकतो. शंभरीला टेकलेली यंत्रे रोजच्या वापरात फार थोडी उरली आहेत. ही त्यांपैकी एक आहे आणि त्याचे श्रेय या साधेपणाला जाते. साइडलॉक, म्हणजे कळसूत्र बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेल्या बंदुका दिसायला अधिक देखण्या असतात हे मान्य केले, तरी चिखलात, जाळीच्या आडोशात आणि ट्रॅक्टरच्या वाटेवर वापरायच्या बंदुकीला त्या देखणेपणाचा उपयोग होत नाही.

बंदूक हातात घेताच जाणवते ते तिचे वजन, किंवा वजनाचा अभाव. माझी बंदूक साडेसहा पौंडांची, म्हणजे तीन किलोहून किंचित कमी भरते. क्लेच्या मैदानावर सर्रास दिसणारी आधुनिक, एकावर एक नळ्यांची बंदूक साडेसात ते आठ पौंडांची असते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. तो लक्षात येतो तो जाळीच्या आडोशात स्टुलावर बसले असताना, डाव्या खांद्यामागून आलेल्या पक्ष्यासाठी बसल्याबसल्याच वळावे लागते तेव्हा. या बंदुकीचे वजन बिजागरीच्या आसपास, दोन्ही हातांच्या मधोमध एकवटलेले असते, त्यामुळे नळ्यांची टोके नजरेच्या मागे रेंगाळत नाहीत. दस्त्याची मूठ सरळ असते, पिस्तुलासारखी वळवलेली नसते. सरळ मुठीचे कारण व्यावहारिक आहे : चाप दोन असतात आणि पुढच्या चापावरून मागच्या चापाकडे जाताना हात किंचित मागे सरकावा लागतो. पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी. उजवी नळी मोकळी, डावी आवळलेली, आणि निवड करायला बोट सरकवण्याइतकाच वेळ लागतो. एक चाप आणि नळी बदलणारे बटण असलेल्या आधुनिक बंदुकीत ही निवड पक्षी दिसण्याआधीच करून ठेवावी लागते. दोन चापांची सोय कालबाह्य म्हणून मोडीत निघाली, हे मला आजही पटत नाही.

आवळ म्हणजे चोक. नळीचे तोंड किती अरुंद केले आहे यावर छऱ्यांचा फुलोरा किती पसरेल हे ठरते, आणि त्याचे मोजमाप चाळीस यार्डांवरच्या तीस इंची वर्तुळात किती टक्के छर्रे पडतात यावरून करतात. मुळीच आवळ नसलेली नळी सुमारे चाळीस टक्के, किंचित आवळलेली पन्नास, अर्धी आवळलेली साठ आणि पूर्ण आवळलेली सत्तर टक्के छर्रे त्या वर्तुळात टाकते. या जातीच्या बंदुका बहुधा उजवीकडे किंचित आणि डावीकडे अर्ध्या किंवा पूर्ण आवळीच्या असतात. कबुतरांसाठी किंचित आणि अर्धी ही जोडी उत्तम. पूर्ण आवळलेली डावी नळी जवळच्या पक्ष्याच्या चिंध्या करते आणि तो ताटात घेण्याजोगा राहत नाही. अशी बंदूक मिळाली तर कारागिराकडून ती थोडी मोकळी करून घ्यावी.

आता मुख्य कामाकडे. रानकबूतर हा युरोपातील सर्वांत मोठा कबूतरवर्गीय पक्षी. वजन सुमारे अर्धा किलो, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा डाग, पंखांवर पांढरा आडवा पट्टा, आणि उडताना पंखांचा असा फडफडाट की झाडीतून एक उठला तरी माणूस दचकतो. ब्रिटनमध्ये त्यांच्या पन्नास लाखांच्या आसपास जोड्या वीण घालतात. मोहरीच्या कुळातले ऑइलसीड रेप हे पीक हिवाळ्यात हिरवे राहते आणि त्या काळात कबुतरांना खायला दुसरे फारसे नसते, त्यामुळे त्यांचे थवेच्या थवे या पिकावर उतरून कोवळी पाने देठापर्यंत ओरबाडतात. वसंतात पेरलेला वाटाणा, उन्हाळ्यात वाऱ्यापावसाने आडवा पडलेला सातू आणि कापणीनंतर धसकटांत सांडलेले दाणे, असा त्यांचा वर्षाचा फेरा असतो. टिपलेल्या कबुतराच्या गळ्याची अन्नपिशवी चाचपली तर ते कोणत्या शेतावरून आले हे कळते. हिवाळ्यात ती हिरव्या चोथ्याने इतकी गच्च भरलेली असते की पक्ष्याची छाती पुढे आल्यासारखी दिसते.

या पक्ष्याची नजर विलक्षण तीक्ष्ण आहे आणि शिकारीचे सारे कौशल्य बंदुकीपेक्षा या नजरेला चुकवण्यात खर्च होते. आधी बराच वेळ नुसते दुर्बिणीतून पाहत बसावे लागते : थवे कोणत्या झाडांवरून येतात, कोणत्या कुंपणाच्या रेषेवरून वळतात, शेताच्या कोणत्या कोपऱ्यावर उतरतात. मग वारा पाठीशी घेऊन कुंपणालगत जाळीचा आडोसा उभारायचा आणि समोर वीस-पंचवीस यार्डांवर फसवे पक्षी मांडायचे, घोड्याच्या नालासारख्या आकारात, चोची साधारण वाऱ्याकडे, आणि मधोमध मोकळी जागा. कबूतर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरते. म्हणून ते समोरून येते, त्या मोकळ्या जागेच्या वर पंख ताठ करते, शेपटी पसरते आणि क्षणभर हवेत थबकते. दोन फसवे पक्षी गरगर फिरवणारे बॅटरीवरचे यंत्र अलीकडे जवळजवळ सगळेच वापरतात. सुरुवातीला त्याचा प्रभाव पडतो, पण ज्या शेतावर ते वरचेवर लावले जाते तेथील पक्षी लवकरच शहाणे होतात आणि यंत्र दिसताच दूरूनच वळसा घेतात. वारा नसेल तर आडोसा, यंत्र, बंदूक, सगळे व्यर्थ.

या मांडणीत जुनी दुनळी शोभून दिसते, आणि हे शोभणे केवळ जुन्या चित्रांची आठवण होते म्हणून नाही. पक्षी वीस ते तीस यार्डांत येतो. तेवढ्यासाठी अठ्ठावीस ग्रॅम छर्रे पुरेसे आहेत, आणि तेवढाच भार या बंदुकीला मानवतो. बंदूकशास्त्रातील नामांकित डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचा जुना दंडक असा की बंदुकीचे वजन छऱ्यांच्या वजनाच्या किमान शहाण्णव पट असावे, म्हणजे धक्का सुसह्य राहतो. अठ्ठावीस ग्रॅमची शहाण्णव पट म्हणजे सुमारे दोन किलो सातशे ग्रॅम; साडेसहा पौंडांची बंदूक या हिशेबात आरामात बसते. इंग्लंडमधील सहा नंबरच्या छऱ्यांची संख्या औंसाला सुमारे दोनशे सत्तर भरते, आणि पंचवीस यार्डांवर मोकळ्या नळीतून त्यांचा जो फुलोरा होतो त्यातून नीट साधलेला पक्षी सुटत नाही. चाळीस-पंचेचाळीस यार्डांवरून जाणाऱ्या पक्ष्यावर मात्र या बंदुकीने बार टाकू नये. ही तिची मर्यादा आहे, आणि मला ती गुणासारखीच वाटते, कारण लांबचा पक्षी जखमी होऊन झाडीत जाण्याचे प्रमाण या मर्यादेमुळे घटते. जड बंदूक आणि जड काडतुसे घेऊन बसलेला माणूस लांबच्या पक्ष्यावर मोह आवरत नाही, हे शेजारच्या आडोशांतून येणाऱ्या आवाजांवरून कोणालाही समजेल.

नेमाविषयी थोडे. छर्रे नळीतून सेकंदाला सुमारे चारशे मीटर वेगाने निघतात, पण गोल आणि हलके असल्यामुळे झपाट्याने मंदावतात. पंचवीस यार्ड गाठायला त्यांना सेकंदाचा साधारण चौदावा भाग लागतो. ताशी चाळीस मैलांनी आडवे जाणारे कबूतर तेवढ्यात सव्वा मीटर पुढे सरकते. हे गणित आडोशात बसून कोणी मांडत नाही, मांडू नयेच. बंदूक पक्ष्याच्या मागून उचलून त्याच्या अंगावरून पुढे न्यायची, चोचीच्या पुढे गेल्यावर चाप ओढायचा आणि हात थांबू द्यायचा नाही. हलकी बंदूक येथे दुधारी ठरते : ती लवकर वळते तशी लवकर थांबतेही, आणि हात थांबला की बार शेपटीमागे जातो. लांब, शांत, आडव्या उडणाऱ्या पक्ष्यासाठी जड बंदुकीची सलग फिरक अधिक भरवशाची आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पण फसव्या पक्ष्यांवर उतरता उतरता बिनसल्यासारखे वर उसळणाऱ्या, कडेला घसरणाऱ्या कबुतरासाठी ही दुनळी एखाद्या चांगल्या बॅडमिंटनपटूच्या मनगटासारखी फिरते. पहिला बार उजव्या नळीतून पंख ताठ केलेल्या पक्ष्यावर, आणि त्या आवाजाने उधळून वर निघालेल्या दुसऱ्यावर डाव्या नळीतून दुसरा. ही जोडी साधली की वाटणारे समाधान मोठे असते, ते लपवण्यात अर्थ नाही.

तरीही येथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण क्षेत्र कायद्याखाली सर्व रानपक्ष्यांना संरक्षण आहे आणि रानकबूतर त्याला अपवाद नाही. इंग्लंडमध्ये ते मारता येते ते एका सर्वसाधारण परवान्याखाली, आणि पिकांचे गंभीर नुकसान टाळणे यांसारख्या परवान्यात नमूद केलेल्या हेतूनेच. आधीचे परवाने एप्रिल २०१९ मध्ये कायदेशीर आव्हानानंतर रद्द झाले होते. आता लागू असलेला परवाना जीएल ४२ या नावाने ओळखला जातो. जमीनमालकाची परवानगी लागते, पक्ष्यांना हुसकावण्यासारखे इतर उपाय करून पाहिलेले असावे लागतात, आणि केवळ खेळ म्हणून नेम धरणे त्यात बसत नाही. कायद्याच्या दृष्टीने आनंद हा हेतू असूच शकत नाही, तो फार तर कामाबरोबर आलेली गोष्ट ठरतो. मला ही तरतूद जाचक वाटत नाही. शेतकऱ्याचा दूरध्वनी आल्याखेरीज शेतावर जायचे नाही, टिपलेला प्रत्येक पक्षी शोधून उचलायचा आणि तो खायचा, एवढी शिस्त पाळली तर आनंद आणि काम यांचे फारसे भांडण होत नाही. ज्यांना पक्षी मारणे मुळातच मान्य नाही त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही; त्यांच्यासाठी क्लेचे मैदान आहे. एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे : स्टॉक डव्ह नावाचे दिसायला जवळचे, पण आकाराने लहान, मानेवर आणि पंखांवर पांढरे नसलेले कबूतर या परवान्यात येत नाही. पांढरा पट्टा दिसला नाही तर चाप ओढू नये.

क्लेविषयी मी थोडक्यात आटोपतो, कारण तेथे या बंदुकीची बाजू तितकी भक्कम नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या हर्लिंगहॅमसारख्या क्लबांत पेट्यांतून जिवंत कबुतरे सोडून त्यांच्यावर नेमबाजीच्या पैजा लागत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही जिवंत कबुतरांवर स्पर्धा झाली होती. ब्रिटनमध्ये १९२१ च्या कायद्याने पकडलेले पक्षी सोडून मारण्यास बंदी आली आणि त्यांची जागा चुनखडीची पूड व डांबर यांच्या तबकडीने आधीच घेतलेली होती ती पक्की झाली. तबकडी सुमारे अकरा सेंटीमीटर व्यासाची आणि शंभर ग्रॅमहून थोडी अधिक वजनाची असते. ती यंत्रातून सुटते तेव्हा सर्वाधिक वेगात असते आणि नंतर मंदावतच जाते, तर कबूतर धोका दिसताच वेग वाढवते. त्यामुळे तबकड्यांवर बसलेला हात शेतावर सुरुवातीला मागे पडतो. स्कीट या तबकड्यांच्या खेळाच्या मैदानावर, जेथे अंतर कमी असते, तेथे ही दुनळी चांगली चालते. लांबच्या तबकड्यांच्या 'स्पोर्टिंग' या दुसऱ्या प्रकारच्या फेऱ्यांत ती गुण घालवते. गुणपत्रिका महत्त्वाची असेल त्याने इटालियन बनावटीची एकावर एक नळ्यांची बंदूक घ्यावी.

आता दोष, आणि ते थोडे नाहीत. पहिला दोष उष्णतेचा. या बंदुकीचे पुढचे लाकूड जेमतेम बोटभर रुंदीचे असते, म्हणून डावा हात प्रत्यक्षात नळ्यांवरच बसतो. कबुतरांचा ओघ लागला आणि काडतुसे भराभर उडाली की नळ्या हाताला चटका देतात. यावर नळ्यांवर चढवायची कातडी पट्टी मिळते आणि ती घेतल्याशिवाय उन्हाळ्यात जाऊ नये. दुसरा दोष असा की साध्या प्रतीच्या बहुतेक बंदुकांना इजेक्टर नसतो, म्हणजे उडालेली काडतुसे बाहेर फेकली जात नाहीत, थोडी वर येतात आणि बोटांनी उपसावी लागतात. पाऊस असताना, पुठ्ठ्याची काडतुसे फुगली असताना, नखाने कड पकडून ती काढणे हा वैतागच असतो. उलट, रिकामी काडतुसे आडोशातच राहतात, शेतात विखुरत नाहीत, आणि शेतकऱ्याला तेच हवे असते. तिसरा दोष आपोआप लागणाऱ्या सेफ्टीचा, म्हणजे चाप अडवून धरणाऱ्या खटक्याचा : बंदूक उघडली की ती दर वेळी मागे सरकते, आणि दुसऱ्यांदा भरून घाईने खांद्याला लावल्यावर चाप हलतच नाही. काही जण ती व्यवस्था कारागिराकडून काढून घेतात. सुरक्षिततेचा विचार करता मी ती तशीच ठेवली आहे. चौथा आणि खरा दोष दस्त्याचा. या बंदुका त्या काळच्या माणसांच्या बांध्याप्रमाणे घडल्या आहेत. दस्ता आखूड असतो, खाली अधिक झुकलेला असतो आणि बहुधा उजव्या हाताच्या माणसासाठी बाहेरच्या बाजूला किंचित वळवलेला असतो. डावखुऱ्या माणसाने दस्ता वाकवून घेतल्याशिवाय अशी बंदूक वापरू नये. गरम तेलाने लाकूड मऊ करून ते वाकवतात आणि चांगला कारागीर हे काम सहज करतो, पण लाकडात जुनी चीर असेल तर ते मोडण्याचा धोका असतो.

खरेदी करताना सर्वाधिक लक्ष नळ्यांकडे द्यावे. बंदूक खोलून नळ्यांच्या मागच्या सपाट तळावरचे ठसे पाहावेत. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदुकांची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थेचे, मुकुटाखाली बीपी आणि बीव्ही ही अक्षरे, आणि १९०४ नंतरच्या बंदुकांवर धूरविरहित दारूची चाचणी झाल्याची खूण म्हणून मुकुटाखाली एनपी. १९२५ पासूनच्या ठशांत काडतुसाच्या घराची लांबीही कोरलेली असते, आणि या जातीच्या बंदुकांवर ती जवळजवळ नेहमी अडीच इंच असते. हे माप फार महत्त्वाचे आहे. अडीच इंची घरात सत्तर मिलिमीटरचे काडतूस बसते, बंदूक मिटतेही, पण उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. ठसा असला तरी नळी आतून घासून ठरावीक मर्यादेपलीकडे रुंद झाली असेल तर तो ठसा ग्राह्य धरला जात नाही, आणि अशी बंदूक विकणे ब्रिटनमध्ये प्रूफ कायद्यांखाली गुन्हा आहे. नळीच्या भिंतीची जाडी उपकरणाने मोजून घ्यावी. जाणकार सामान्यतः इंचाच्या वीस सहस्रांशांपेक्षा पातळ भिंत नको म्हणतात.

दोन चाचण्या मात्र उपकरणाशिवाय करता येतात. नळ्या बंदुकीपासून सोडवून मागच्या हुकावर बोटाने अधांतरी धरायच्या आणि नखाने टिचकी मारायची. पट्ट्यांचे डाख शाबूत असतील तर स्वच्छ, लांबणारा नाद येतो आणि सुटले असतील तर फुटक्या भांड्यासारखी घरघर. दुसरी, पुढचे लाकूड काढून मिटलेली बंदूक उजेडासमोर धरायची आणि नळ्या व मागची भिंत यांच्यात फट दिसते का ते पाहायचे, मग दस्ता धरून हलकेच हलवायची. खुळखुळली तर बिजागरी झिजली आहे. दुरुस्ती होऊ शकते, पण खर्च बंदुकीच्या किमतीइतका जातो. माझ्या बाबतीत विक्रेत्याने 'नळ्या आतून निष्कलंक' असे लेखी वर्णन केले होते, आणि प्रत्यक्षात डाव्या नळीत मधोमध काढलेल्या पोच्याची सावली दिसत होती. नळी दिव्याकडे धरून आतल्या प्रकाशाच्या कड्या पाहत सावकाश फिरवली की कडी जेथे वाकडी होते तेथे पोचा असतो. किंमत कमी करून मिळाली, पण त्यासाठी जो पत्रव्यवहार करावा लागला तो विसरण्याजोगा नव्हता. वर्णन वाचून बंदूक घेऊ नये.

नळ्या फारच खराब झालेल्या पण बाकी अंग उत्तम असलेल्या बंदुकांना नव्या नळ्या जोडलेल्या आढळतात. जुन्या नळ्या मागून काही इंचांवर कापून त्यांत नव्या बसवतात आणि पुन्हा प्रूफ करून घेतात. संग्राहक त्यांकडे नाक मुरडतात, त्यामुळे त्या आणखी स्वस्त मिळतात. रोज वापरणाऱ्याला यापेक्षा शहाणी खरेदी क्वचितच सापडेल. एरवीही साध्या बॉक्सलॉकचे भाव गेल्या काही दशकांत उतरले आहेत. काही शे पौंडांत चांगली बंदूक लिलावात मिळते, तर नव्या नावाजलेल्या बंदुकीला हजारोंच्या घरात पैसे मोजावे लागतात. जुनी आहे म्हणून कागदपत्रांतून सूट मात्र नाही. बारा बोअरची चालती बंदूक ठेवायला पोलिसांचे शॉटगन प्रमाणपत्र लागते, ते पाच वर्षांचे असते, प्रत्येक बंदूक त्यावर नोंदवावी लागते, हस्तांतराची सूचना सात दिवसांत द्यावी लागते आणि घरी ती कुलपात ठेवावी लागते.

शेवटी काडतुसांचा प्रश्न राहतो, आणि या जातीच्या बंदुकीचे भवितव्य त्यावरच अवलंबून आहे. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरण्यास इंग्लंडमध्ये १९९९ पासूनच बंदी आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने तीन वर्षांच्या संक्रमण काळानंतर इतरत्रही ती लागू करण्याचा निर्णय जाहीर केला. शिशाची घनता ११.३, बिस्मथची ९.८ च्या आसपास, लोखंडाची ७.८. लोखंडी छर्रे हलके म्हणून वेगाने आणि मोठ्या आकाराचे वापरावे लागतात, ते कठीण असल्याने दबत नाहीत, आणि पातळ, आवळलेल्या जुन्या नळीचे तोंड त्यांनी फुगू शकते. कारागिराने नळ्या मोजून लेखी संमती दिल्याशिवाय ते या बंदुकीत घालू नयेत. बिस्मथ मऊ आहे आणि जुन्या नळ्यांना शिशाइतकेच मानवते, पण ते शिशाच्या कितीतरी पट महाग पडते, आणि कबुतरांच्या एका भरगच्च दिवसात काडतुसांचा खर्च बंदुकीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. मी शिशाचा उरलेला साठा संपवून अठ्ठावीस ग्रॅमच्या बिस्मथकडे वळणार आहे आणि कमी बार टाकणार आहे. डावी नळीही मोकळी करून घ्यायला दिली आहे, कारण बिस्मथचे छर्रे ठिसूळ असतात आणि घट्ट आवळीत ते फुटतात असा अनुभवी लोकांचा अनुभव आहे. कोणत्याही धातूचे घेतले तरी खोक्यावर ६५ मिलिमीटर हे माप आणि आत दारू आणि छर्रे यांच्यामध्ये प्लॅस्टिकऐवजी तंतूंचा बोळा असल्याचा उल्लेख पाहूनच घ्यावे. पहिले बंदुकीसाठी लागते आणि दुसरे, ज्याच्या शेतात गुरे चरतात त्या शेतकऱ्यासाठी.